चांदीचे डोळे

विचारा सिस्टरांना : वाचकांची पत्रं, एका निवृत्त परिचारिकेची उत्तरं

आधी एक छोटं काम उरकते. मंगळवार पेठेतल्या एका वाचकांनी पोस्टकार्डावर विचारलंय, "सिस्टर, तुम्ही ख्रिस्ती. मग उत्तरांत सिद्धरामेश्वर आणि तुकोबा कशाला आणता?" दादा, माझी आजी रविवारची उपासना कधी चुकवायची नाही, आणि संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत मला खांद्यावर बसवून नंदीध्वज दाखवायलाही विसरायची नाही. सोलापुरात जन्मलेल्या माणसाला सिद्धरामेश्वरांचं तळ्यातलं देऊळ कुठल्या दिशेला आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मी काय वेगळ्या गावची आहे का? बाकी तुमचं कार्ड जपून ठेवलंय. पोस्टकार्ड लिहिणारी माणसं आता उरलीत किती!

आता या महिन्याचं पत्र. थोडं कमी केलंय, शब्द त्यांचेच आहेत.

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. वय 49. पूर्व भागात राहतो. घराला लागून पत्र्याचं शेड आहे, त्यात माझे सहा माग होते, टॉवेलचे. वडील हातमागावर बसायचे, यंत्रमाग मी घातले. 2016 ला दिवाळीच्या तोंडावर मोठी ऑर्डर होती. चार नंबरच्या मागाची धोट्यापुढची (आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा) जाळी तुटली होती. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणाला, नवी बसवतो, अर्धा दिवस माग बंद राहील. मी म्हणालो, दिवाळी झाल्यावर बघू. त्या मागावरचा माणूस आमच्याकडे अकरा वर्षं होता, तेव्हा 35 चा. रात्री साडेअकराला धोटा उडाला. धोट्याच्या टोकाला लोखंड असतं. डाव्या डोळ्यात बसला.

रिक्षात घालून मीच नेला. रिक्षातच त्याला सांगितलं, जिन्यावरून पडलो म्हण. तसंच म्हणाला तो. डोळा काढावा लागला. मी 15,000 रुपये दिले, औषधाचं बिल भरलं आणि कोऱ्या कागदावर त्याची सही घेतली. नंतर तो मागावर उभा राहू शकला नाही. तुटलेला धागा कुठं आहे त्याचा अंदाजच यायचा नाही. आता एका लॉजवर वॉचमन आहे. त्याची बायको बिड्या वळते.

दिवाळी झाली आणि आठ-दहा दिवसांत नोटबंदी. मजुरीला रोकड नाही, व्यापाऱ्याकडे पैसे अडकलेले. पुढच्या वर्षी जीएसटी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माग थांबले, बँकेचा हप्ता थांबला नाही. सहाच्या सहा माग भंगारवाल्याला किलोवर दिले. चार नंबरचा सगळ्यांत शेवटी गेला. आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुसऱ्याच्या कारखान्यात टॉवेलच्या घड्या मोजतो. महिना 11,000.

2021 च्या एप्रिलमध्ये मला करोना झाला. बायको पोरीला घेऊन माहेरी गेलेली, तिकडंच अडकली. घरात मी आणि आई. सख्खा भाऊ गल्लीच्या तोंडाशी उभा राहून फोन करायचा. पण रोज दुपारी कडी वाजायची आणि उंबऱ्याबाहेरच्या दगडावर डबा असायचा. ज्वारीची भाकरी, पातळ आमटी, शेंगाची चटणी. दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघितलं तर त्या माणसाची बायको. मी बघतोय हे तिला दिसलं. काही बोलली नाही. चौदा दिवस डबा आला. तोंडाला चव नव्हती तरी मी तो रडत खाल्ला. शेवटचा डबा आमच्याकडेच राहिला. फडताळात आहे. झाकणावर तिचं नाव घातलंय.

पाच वर्षं होत आली, मी त्यांच्या घरी गेलो नाही. तो लांबून दिसला तर गल्ली बदलतो. आई म्हणते, डोळ्याचा दोष लागलाय, नवरात्रात रूपाभवानीला चांदीचे डोळे वाहू. त्यासाठी तिनं पैसे साठवलेत. मला विचारायचंय ते असं : माझे माग गेले ही देवानं दिलेली शिक्षा का? आणि शिक्षाच द्यायची होती तर तो डबा कुणी पाठवला? त्याला कृपा म्हणू का सूड म्हणू? माग विकताना जळलो नाही एवढा मी त्या डब्यानं जळलो. नाव छापू नये.

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा त्या रिक्षापाशी आले आणि चष्मा काढून ठेवला. तुमच्या रिक्षात एक जागा माझीही आहे.

मी 34 वर्षं नोकरी केली, त्यातली आठ डोळ्यांच्या वॉर्डात. मागावरचा पेशंट आम्ही दारातूनच ओळखायचो. केसांत, भुवयांत कापसाची भुरभुर, डोळ्यावर दाबलेला टॉवेल, टॉवेल बहुतेक कोरा, आणि सोबत स्वच्छ कपड्यांतला एक घाबरलेला माणूस. काय झालं? "जिन्यावरून पडला." पत्ता लिहून घेताना कळायचं, पत्र्याचं घर, एक खोली. जिना आणायचा कुठून? सोलापुरातल्या जिन्यांनी जेवढे डोळे फोडले तेवढे दुसऱ्या कुठल्या गावच्या जिन्यांनी फोडले नसतील. आणि दिवाळीच्या आधी तर जिने फारच माजायचे. मी काय करायची? रजिस्टरात लिहायची, 'जिन्यावरून पडून'. धोट्याची जखम आणि पायरीची जखम यांतला फरक मला कळत नव्हता असं नाही. डॉक्टरांच्या कानावर घालता आलं असतं, पोलिसांत नोंद झाली असती, त्या माणसाला पुढं दाद मागायला एक कागद मिळाला असता. पण रात्रीचे दोन वाजलेले, पुढं पाच पेशंट, आणि तो माणूस स्वतःच सांगतोय, मग मी कशाला? 2016 ला मी दुसऱ्या वॉर्डात होते. तुमच्या माणसाचा कागद माझ्या हातचा नाही. पण तो लिहिणारी माझ्याच पंगतीतली. तेव्हा हे उत्तर पाटावर बसून दिलेलं नाही, एवढं धरून पुढं वाचा.

पहिला प्रश्न शिक्षेचा. माग देवानं नेले असं मला वाटत नाही. ज्यांच्या मागांच्या जाळ्या शाबूत होत्या त्यांचेही माग त्याच काट्यावर चढले, त्याच भावानं गेले. माझे वडील गिरणीत होते, सूतखात्यात. गिरणी बंद पडली आणि भोंगा थांबला, तरी ते पुढं दोन वर्षं पहाटे भोंग्याच्या वेळेला उठून खाटेवर बसायचे. आई विचारायची, काय झालं? म्हणायचे, काही नाही, वाजला नाही अजून. अशी हजारो घरं होती या गावात. त्या सगळ्यांनी कुणाचे डोळे फोडले होते? आणि उलटही बघा, जाळ्या न बसवता बंगले बांधलेली माणसं आहेतच की. त्यांची नावं माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. देवाचा कारभार एवढा ढोबळ असता तर सोपं होतं.

पण एक शंका येते, बोलते, राग मानू नका. माग गेले ती शिक्षा होती असं म्हटलं की मनाला थोडं बरंही वाटतं. भोगलं, फिटलं. तसं फिटलेलं नाही, दादा. तुमचे सहा माग भंगारात गेल्यानं त्याला डोळा आलेला नाही.

आता ते जळणं. ते बरं व्हावं म्हणून तुम्ही मला औषध मागताय असं पत्रावरून वाटलं. मी देणार नाही. मधुमेहाचे पाय मी खूप धुतलेत. पायातला जीव गेलेला असतो. खिळा रुततो, माणूस चालत राहतो, संध्याकाळी बूट काढल्यावर मोज्याला रक्त दिसतं तेव्हा कळतं. ड्रेसिंग करताना तो आमच्याशी गप्पा मारतो आणि आम्हाला धास्ती वाटते. ज्या दिवशी असा पेशंट "आई गं" म्हणून पाय मागे ओढतो ना, त्या दिवशी आम्ही एकमेकींकडे बघून हसतो. 2016 ते 2021 तुमचा पाय बधिर होता. कोऱ्या कागदावर सही घेताना दुखलं नाही. दुखलं ते भाकरी खाताना. कृपा कुठं आहे विचारता, मला तर ती त्या दुखण्यातच दिसते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आता माझं सांगते. इतकी वर्षं या पानावर लिहिलं नव्हतं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला, सोलापुरातही फडताळातली भांडी वाजली. दिवस उजाडल्यावर उमरग्याकडून जखमींच्या गाड्या यायला लागल्या. ट्रक, टेम्पो, मिळेल ते. मला नोकरीला चार वर्षं झालेली. त्या दिवशी गेले ती दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. रात्री माझ्याकडं एक म्हातारी होती. कमरेपासून खाली चेचलेली, जगणार नाही हे दिसत होतं. घरातलं दुसरं कुणी सोबत आलेलं नव्हतं, त्याचा अर्थ आम्हाला कळत होता, तिला कळत होता की नाही कोण जाणे. ती एकच विचारत होती. "बाई, म्हस सोडली का गं?" दर पाच मिनिटांनी. म्हस सोडली का. पहाटे तीनच्या सुमारास, शेजारच्या खाटेवर एक पोरगं गेलं होतं, मी त्याच्या बापाला धरून बाहेर नेऊन आले होते, आणि ती परत म्हणाली, म्हस सोडली का. मी ओरडले. "आजी, इथं माणसं मेलीत! म्हशीचं काय घेऊन बसलात?"

ती गप्प झाली. मग सकाळपर्यंत काही बोलली नाही. सहाला गेली.

माझ्यासोबत एक मावशी होती, वॉर्डातली, लिहिता-वाचता न येणारी. तिनं सगळं ऐकलेलं. ती मला काही बोलली नाही. चहाचा कप हातात दिला, पिऊन होईपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "आता आजीला तुम्हीच आंघोळ घाला." ते माझं काम नव्हतं. तरी मी घातली. तोंड पुसलं, केसांतली माती काढली, विंचरले. हात उघडायला गेले तर दोन्ही तळहातांवर आडवे वळ. कातडी सोललेली. मी खेड्यातली नाही, मला कळेना. मावशीनं बघितलं आणि म्हणाली, "दाव्याचे हाईत. ती म्हस सोडायलाच भाईर आलती."

घरातली बाकीची माणसं झोपेत गेली, ही बाहेर होती म्हणून तेवढा एक दिवस जगली. आणि त्या अख्ख्या दिवसात तिनं आमच्याकडं मागितलं काय, तर कुणीतरी जाऊन ते दावं सोडा.

दादा, मला माफी मागायला माणूस उरला नाही. तिचं गाव कुठलं तेही गोंधळात नीट लिहिलं गेलं नव्हतं. पुढं कित्येक वर्षं कुठल्याही पेशंटनं काही विचित्र विचारलं, माझी पिशवी कुठाय, कोंबड्या झाकल्या का, तर मला खाली बसून नीट उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. पोरी हसायच्या. दर वर्षी 30 सप्टेंबरला मी कुणाच्या तरी गोठ्यात सरकी पेंडीचं एक पोतं टाकून येते. आमचे हे म्हणायचे, ख्रिस्ताच्या मंडळीत म्हशीचं श्राद्ध घालणारी तू एकटीच. म्हणोत. त्या मावशीनं मला रागावून वॉर्डाबाहेर काढलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. तिनं चहा दिला आणि काम दिलं. ते वळ तिच्यामुळं मला दिसले.

तुमचा डबा मला त्या चहाच्या जातीचा वाटतो. तुम्ही विचारलंत, कृपा का सूड? आमच्या बायबलात पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात बाराव्या अध्यायात एक जागा आहे. तुझा शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल, असं केल्यानं तू त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास करशील. लहानपणी मला हे वाचून गंमत वाटायची, छान सूड आहे, जेवायला घालून भाजायचं. मग एकदा आजीनं सांगितलं की त्यांच्या वेळी चूल विझली तर शेजारच्या घरून विस्तव मागून आणायचे, खापरात घालून, पदर सांभाळत. काड्यापेटी परवडायची नाही. तेव्हापासून त्या वचनातले निखारे मला तसे दिसतात. पंडित लोक काय अर्थ लावतात तो लावोत. त्या बाईंच्या मनात तुम्हाला भाजायचं होतं की तुमची चूल पेटवायची होती, हे मी सांगू शकत नाही. कदाचित दोन्ही नसेल. तुमची आई म्हातारी, घरात कडी लावलेली, करणारं कुणी नाही, एवढंच दिसलं असेल तिला. दिवसभर मान मोडून बिड्या वळायच्या, त्या मजुरीतली ती भाकरी. त्यात तिनं अर्थ भरलाच पाहिजे असं थोडंच आहे?

मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते क्रमाचं. डबा आधी आला. तुम्ही कबूल केलेलं नव्हतं, काही परत दिलेलं नव्हतं, साधं तोंडही दाखवलेलं नव्हतं. बायबलातल्या येरीहो गावच्या जक्कयची गोष्ट अशीच आहे. मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला, उंचीनं बुटका. येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढून बसला. येशू झाडाखाली थांबून म्हणाला, खाली उतर, आज तुझ्याकडंच मुक्काम. लोक कुरकुरले, पाप्याच्या घरी चालला म्हणून. आणि मग, पाहुणा घरात आल्यावर, जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. 'आधी चौपट दे, मग जेवायला येतो' असं कुणी म्हटलेलं नाही. पण पाहुणा जेवून गेला आणि जक्कय नुसता झाडावर बसून रडत राहिला, असंही नाही. दादा, तुम्ही पाच वर्षं झाडावर आहात.

(पोस्टकार्डवाल्या दादांसाठी : आपल्या सिद्धरामांचं काय वेगळं? शेतात आलेल्या मल्लय्याला, म्हणजे श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाला, दहीभात हवा म्हणून पोरगं घरी पळालं, परत येऊन बघतं तर मल्लय्या नाही. हाका मारत श्रीशैलापर्यंत गेलं, कुठं दिसेना म्हणून कड्यावरून उडी टाकायला निघालं, तेव्हा देवानं हात धरला. आणि हात धरून जवळ ठेवून घेतलं का? परत सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला धाडलं. 68 लिंगं स्थापायची होती, तळं खोदायचं होतं. कुदळ हातात दिली.)

आईंच्या चांदीच्या डोळ्यांबद्दल. त्यांच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. तुळजापूरला, रूपाभवानीला वाहिलेले डोळे मी पाहिलेत, लोकांनी केवढ्या जिवाच्या काकुळतीनं वाहिलेले असतात तेही पाहिलंय. पण तुम्ही मला विचारलंत म्हणून सांगते. देवीला डोळे आहेत.

मग कुणाला किती द्यायचं? इथं मी जरा रुक्ष होणार आहे. पापाला आकडा नसतो म्हणतात, पण तुमच्या प्रकरणात तो निघतो, आणि निघतोय तर काढूया. कामावर इजा झालेल्या माणसाच्या भरपाईचा कायदा आपल्याकडं 1923 पासून होता. त्याच्या परिशिष्टात एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर कमाईची ताकद 40 टक्के गेली असं धरलंय. हिशेब असा : महिन्याच्या मजुरीचे 60 टक्के, गुणिले कायद्याच्या तक्त्यात त्या वयासमोर दिलेला आकडा, त्याचे 40 टक्के. 2016 मध्ये हिशेबापुरती मजुरी जास्तीत जास्त 8,000 धरायची. त्याचे 60 टक्के 4,800. वय 35 ला आकडा 197.06. गुणाकार 9,45,888. त्याचे 40 टक्के 3,78,355 रुपये. तुम्ही 15,000 दिलेत. राहिले 3,63,355. औषधाचं बिल यात धरू नका, ते वेगळं.

दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, ती कधीच गेली. जिन्यामुळं तो दावा करूच शकला नाही, हेही लक्षात असू द्या. सरकारकडूनही त्याला फारसं मिळणार नाही. एक डोळा गेलेल्याला दाखला 30 टक्के अपंगत्वाचा मिळतो आणि बहुतेक सवलती 40 ला सुरू होतात. म्हणजे आता त्या माणसाला देणारे जगात तुम्ही एकटेच आहात, आणि तुमच्या मागं लागणारं कुणी नाही.

महिना 2,000 दिलेत तर पंधरा वर्षं लागतील. 64 चे व्हाल. परवडत असेल तर जास्त द्या. बायकोला विचारल्याशिवाय आकडा ठरवू नका, पोट तिचंही मारलं जाणार आहे. जक्कयसारखं चौपट तुमच्याकडं कुणी मागत नाही.

जाल तेव्हा भाषण करू नका. "माफ केलं म्हण" असं तर मुळीच म्हणू नका. त्याला कसला आग्रह म्हणून नको, तुमच्या शब्दाखाली त्यानं एकदा 'जिना' म्हटलंय तेवढं पुरे. या वेळी त्याची सही घेऊ नका. तुम्ही लिहून, तुमची सही करून त्याला द्या : 'माझ्या चार नंबरच्या मागाला जाळी नव्हती, मला माहीत होतं, जिना नव्हताच.' वकिलाला विचारलंत तर तो असला कागद देऊ नका म्हणेल. त्याच्या जागी तो बरोबर असेल. त्या माणसानं पैसे घेतले नाहीत, दार लावलं, शिव्या दिल्या, तरी महिन्यानं परत जा. त्यानं घ्यावेतच अशी सक्ती करायला नाही, पुन्हा गल्ली बदलायची सवय लागू नये म्हणून. आणि त्यानं तुम्हाला बसायला सांगितलं तर बसा. तुमच्यासारख्या माणसाला ते शिव्या खाण्यापेक्षा जड जाईल, माझा अंदाज आहे.

आईंना सोबत न्या. चांदीसाठी साठवलेले पैसे पहिल्या हप्त्यात घालायचे का, हे त्यांना विचारा, तुम्ही ठरवू नका. फडताळातला तो डबा काढा. पाच वर्षांत झाकण घट्ट बसलं असेल, कडेनं गरम पाणी सोडा, निघेल. चिंचेनं घासा, पण झाकणावरच्या नावावर तारेची घासणी चालवू नका. डबा रिकामा परत करत नाहीत, ते काही आईंना सांगायला नको. काय भरायचं ते त्या बघतील.

वॉचमनची रात्रपाळी असेल तर तो दुपारी झोपलेला असणार. चारच्या पुढं जा.